पान दुसरं, ओळ अकरावी

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सा. न. वि. वि. असं लिहिलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीने 'वन्सं' म्हणावं हे तुला कधीच रुचलं नाही. पण तुझ्याच दादाने मला मागणी घातली, त्याला मी काय करू?

तुझ्या अटीप्रमाणे रक्ताचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. जुलैत आपल्या वसतिगृहाच्या सिस्टर नव्वद वर्षांच्या होणार, आपल्या सगळ्या जुन्या मुली शाळेत जमणार आणि केक मी करणार, हे ठरून गेलं आहे. सिस्टरनी स्वतः कार्ड पाठवलं. अक्षर आता थरथरतं, पण ओळ अजून सरळ. 'माझ्या ढमीच्या हातचा केक हवा,' असं लिहिलंय. दोन दिवसांचा गाडीचा प्रवास आणि माझे हे गुडघे. मुलगा म्हणतो, आत्या सोबत असेल तरच जा. आत्या म्हणते, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसातच्या खाली आली तरच सोबत येईन. एकूण काय, माझ्या नाड्या तुझ्या हातात.

रिपोर्ट उत्तम आहे. डॉक्टर 'छान' म्हणाले. म्हणजे तोंडाने नाही म्हणाले, पण चेहऱ्यावरून कळतं. फक्त पहिल्या पानावरची एक पट्टी उंदराने खाल्ली. नेमकी साखरेची. त्यालाही ती गोड लागली असणार. बाकी सगळं शाबूत आहे, ते बघ आणि तिकिटं काढ.

तुझी
ढमी

११ फेब्रुवारी

प्रिय ढमे,

तुमच्याकडचे उंदीर शिकलेले दिसतात. सरळ रेषेत कुरतडतात आणि कोपऱ्यावर आल्यावर काटकोनात वळतात. भूमितीत तुला हे कधी जमलं नव्हतं.

पण उंदराने एक चूक केली. पहिलं पान खाल्लं, दुसरं सोडलं. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या बाईकडे रिपोर्ट पाठवताना दुसरं पानही खायला घालायचं असतं. पान दुसरं, ओळ अकरावी: प्लेटलेटचा सरासरी आकार. तिथे १२.४ लिहिलं आहे. साडेअकरापर्यंत मी कोणाला काही बोलत नाही.

प्लेटलेट म्हणजे काय ते तुला पुन्हा सांगावं लागणार, कारण जीवशास्त्राच्या तासाला तू पुस्तकाआड जॅम खात होतीस आणि मी पहारा देत होते. तर, रक्तात इवल्याशा चकत्या असतात. कुठे कापलं, खरचटलं की धावत जाऊन भोक बुजवायचं हे त्यांचं काम. एरवी त्या आपल्या शाळेच्या पहारेकऱ्यासारख्या निवांत. कोणी भिंतीवरून उडी मारेपर्यंत पेपर वाचत बसायच्या. पण रक्तात साखर फार दिवस चढलेली राहिली की त्यांचा स्वभाव बिघडतो. हाडांच्या पोकळीतून बाहेर येतानाच त्या मोठाल्या आणि चिडक्या होऊन येतात. कारण नसताना एकमेकींना चिकटतात, नाहीतर रक्तवाहिनीच्या भिंतीला. जिथे भोकच नाही तिथे बुजवायला जातात. मग नळी तुंबते. पायातली तुंबली तर पाय, डोळ्यातली तुंबली तर डोळा, आणि पुढचं मी लिहीत नाही.

चकती मोठी म्हणजे साखर वाढलेली, असा कायदा नाही. त्याला दहा कारणं असतात. हा पुरावा नव्हे, नुसता वास. पण ज्या घरात वास येतो आणि कात्रीही चालते, तिथे मी आकडा नऊच्या आसपास धरते.

खरं काय ते लिही. फोनवर तू सफाईने थापा मारतेस, कागदावर तुला ते जमत नाही. दर रविवारी दुपारी सिस्टरसमोर बसून पत्रं लिहिली, त्याचा हा गुण.

इथे कडाक्याची थंडी आहे, तरी घसा सारखा कोरडा. लिहायला बसताना पाण्याचा जग भरून घेतला होता, हा दुसरा चालू आहे. चष्म्याचा नंबर वर्षात दुसऱ्यांदा बदलला. चष्मेवाला आता मला बघून उभा राहतो.

तुझी
काडी

१९ फेब्रुवारी

काडे,

९.१.

झालं समाधान? ती पट्टी मी पिठाच्या डब्यामागे लपवली होती, ती सुनेला सापडली. तिने डबा पुसून पट्टी तिथेच ठेवली आणि तिच्यावर वजनाचा दगड ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. अशी सून.

पण एक लक्षात घे, मी गोड खात नाही. मी चाखते. बेकरी मुलाच्या आणि सुनेच्या ताब्यात दिली तरी सकाळी सातला मी तिथे असते. सून म्हणते, 'आई, क्रीम बघता का जरा?' मी बघते. डोळ्यांनी बघून क्रीम कळलं असतं तर देवाने जीभ कशाला दिली असती? म्हणून एक चमचा. मग दुसऱ्या पातेल्यातला. मग पहिला जास्त गोड होता की दुसरा, हे ताडून बघायला पहिल्यातला पुन्हा. अशी सहा पातेली. हिशोब तू कर, तुझं गणित चांगलं.

आणि ही सवय लावली कोणी? सुट्टी लागली की तुम्ही सगळ्या घरी जायचात. मला न्यायला कोणी यायचं नाही. तेव्हा सिस्टर मला स्वैपाकघरात स्टुलावर बसवायच्या. केक भट्टीत गेला की पातेल्यातला लाकडी चमचा माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, 'हा तुझा पगार.' काडे, मी त्या चमच्यावर वाढले. आता उतारवयात तू सांगतेस, चमचा धुवून टाक.

रविवारच्या पत्रांचं तू लिहिलंस ते खरं. तू घरी लिहायचीस. मला लिहायला कोणी नव्हतं, म्हणून मीही तुझ्याच घरी लिहायचे. ती पत्रं तुझ्या दादाने वाचली आणि पुढचं सगळं झालं. कागदावर खरं लिहिण्याचे परिणाम मी एकदा भोगलेत.

पण एवढा कडकपणा कशाला? चार दिवसांसाठी जायचं, सिस्टरना बघायचं. पुढच्या वर्षी त्या असतील का, ते कोणाला ठाऊक?

ढमी

२६ फेब्रुवारी

प्रिय ढमे,

तू विचारलंस म्हणून सांगते. दहा वर्षं सांगितलं नव्हतं.

दादा जाण्याच्या वर्षभर आधी तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला आला होतात, आठवतं? तू भांडी बघायला बाजारात गेली होतीस. मी तेव्हा नोकरीत होते. दादाला म्हटलं, चल, माझी प्रयोगशाळा दाखवते. तिथे चेष्टेचेष्टेत त्याचं रक्त घेतलं. साखर तीनशेच्या वर. काचेवर थेंब पसरून पाहिला तर चकत्या नेहमीपेक्षा ठसठशीत मोठ्या. त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, 'ढमीला बोलू नकोस. ती घरात गोड करायचं सोडेल, मग तिचा जीव कशात रमणार? मी बघतो माझं मी.' धाकटी बहीण काय बोलणार? मी गप्प बसले. पुढच्या वर्षी खुर्चीत पेपर वाचता वाचता तो गेला.

त्या चकत्यांमुळेच गेला असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण आकडा बघून मी एकदा गप्प बसले आहे. दुसऱ्यांदा बसणार नाही. तू मला कितीही कजाग म्हण, खाष्ट नणंद म्हण. अट कायम.

आता काय करायचं ते ऐक. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मधेच मनाने बंद करायच्या नाहीत. क्रीम सुनेने चाखायचं. रोज चालायचं. लाल पेशी चारेक महिने जगते आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगावर बाळगते, म्हणून तो आकडा उतरायला वेळ लागतो. प्लेटलेट मात्र आठ-दहा दिवसांची पाहुणी. साखर ताळ्यावर राहिली तर जुन्या चिडक्या जातात आणि नव्या येतात त्या बहुधा शहाण्या येतात. मे महिन्यात पुन्हा तपास. तोपर्यंत मी रागावून पत्र लिहिणार नाही, तू गोड बोलून लिहू नकोस.

मी आपली सुटले. काडीच्या अंगाला साखर चिकटायला जागाच कुठे आहे? हे तुम्हा गुटगुटीत लोकांचे आजार.

तुझी
काडी

२० मे

काडे,

७.१.

उंदीर मेला. दोन्ही पानं अखंड पाठवते आहे. मूळ कागद डॉक्टरांकडे राहिला, म्हणून ही झेरॉक्स. डॉक्टर या वेळी तोंडाने 'छान' म्हणाले, मुलगा साक्षीला होता.

तिकिटं काढ. खालचा बर्थ मला. गुडघे.

ढमी

२५ मे

श्रीमती वहिनीसाहेब यांस,

आपलं पत्र पावलं. आपण पाठवलेली झेरॉक्स मी भिंगाखाली धरून पाहिली.

फेब्रुवारीत ९.१ होते. आता ७.१ आहेत. दशांशापुढचा एक मात्र जागचा हलला नाही. नवाचा सात करायला काय लागतं? थोडी पांढरी शाई, थोडी काळी शाई आणि झेरॉक्सचं दुकान. सहावीत आपण प्रगतिपुस्तकावर गणिताच्या ३३ चे ८३ केले होते, तेव्हा ब्लेड मीच पुरवलं होतं, याची आठवण असावी.

वहिनीसाहेब पुन्हा दुसरं पान विसरल्या. ओळ अकरावी: १२.६. साखर एवढी उतरली आणि चकत्या होत्या त्याहून फुगल्या? फेब्रुवारीत मी त्याला वास म्हटलं होतं. आता मात्र घरात काहीतरी नक्की शिजतंय.

मला वाईट याचं वाटतं की दादाचं मी तुम्हाला सांगितलं. सांगायला मला दहा वर्षं लागली. आणि तुम्ही दुकानात जाऊन शाई विकत घेतलीत.

तिकिटं काढलेली नाहीत.

आपली नणंद

३० मे

वन्सं,

मूळ कागद डॉक्टरांकडून मागून आणला, तो पाठवत आहे. भिंगाखाली धर. उन्हात धर. हवं तर चाटून बघ, शाई लागते का.

प्रगतिपुस्तकाचं म्हणशील तर त्या वेळी मी अकरा वर्षांची होते आणि ८३ मुळे सिस्टरनी मला दोन महिने गणितात पुढच्या बाकावर बसवलं होतं. शिक्षा तिथेच भोगून झाली.

तीन महिने मी काय केलं ते ऐक, मग काय ते ठरव. चमचा बेकरीच्या भिंतीला खिळ्यावर टांगला. सूनबाई चाखते, पण तिला सगळंच छान लागतं, तिचा काही उपयोग नाही. मग मी क्रीम बोटांच्या चिमटीत धरून ओळखायला शिकले. साखर जास्त पडली की ते चिमटीत जरा ओघळतं, हे मला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं. कारण तोवर बोट थेट तोंडात जात होतं. रोज संध्याकाळी बेकरीपासून पोस्टापर्यंत चालत जाते. तिथल्या बाकावर बसून गुडघ्यांना चार शिव्या देते आणि परत येते. नातीच्या वाढदिवसाला केक मी केला, मी कापला, मी वाटला, आणि हात धुतले. नात म्हणाली, 'आजी, तुझी बशी कुठे आहे?' मी म्हटलं, उंदराने नेली.

रक्ताचंही ऐक, नाहीतर म्हणशील शेजारणीचं दिलं. सकाळी सव्वासहाला लॅबच्या बाई स्कूटरवरून आल्या, फेब्रुवारीत आल्या होत्या त्याच. माझं घर त्यांचं पहिलं. नळीवर माझं नाव त्यांनी माझ्यासमोर लिहिलं आणि नळी पेटीत ठेवली. मग त्या अख्खी वस्ती फिरतात, घरोघर रक्त घेतात, मधे लेकीला शाळेत सोडतात आणि मग लॅबला पोचतात. साडेअकराच्या सुमाराला तिथलं मशीन सुरू होतं. दुपारी चारला रिपोर्ट. यात मी शाई कुठे लावली ते तूच दाखव.

मी शाळेत येत नाही. केकची कृती मागच्या पानावर लिहिली आहे, तिथल्या कोणाकडून करून घे. सिस्टरनी विचारलं तर सांग, ढमीचे गुडघे दुखत होते. तुला तोंडावर खोटं बोलता येतं का, तेही एकदा कळू दे.

ढमी

५ जून

ढमे,

सव्वासहा ते साडेअकरा. सव्वापाच तास.

तुझं पत्र मी पोस्टमनसमोर उभ्याउभ्या वाचलं. त्या ओळीशी आले आणि तिथेच पायरीवर बसले. पोस्टमनला वाटलं कोणीतरी गेलं.

मोठेपणा गेला, दुसरं काय. रक्त ज्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात तिच्यात ते गोठू नये म्हणून औषध असतं. त्या औषधात पडलेली प्लेटलेट चपटीची गोल होते आणि फुगते. नळी जितकी वाट बघेल तितकी ती फुगत जाते. म्हणून आकार बघायचा असेल तर तासाभरात, फार तर दोन तासांत. हे मी बत्तीस वर्षं प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवलं. माझ्या अक्षरातली पाटी होती भिंतीवर: 'आधी वेळ विचारा, मग आकडा वाचा.' आणि तुला मी वेळ विचारली नाही. आमच्याकडे वॉर्ड वर, प्रयोगशाळा खाली. नळी अर्ध्या तासात हातात यायची. तुझी नळी स्कूटरवरून वस्ती फिरते, लेकीला शाळेत पोचवते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

साखरेच्या आकड्याला या उशिराने काही होत नाही. तो खरा. ७.१ तुझे आहेत, चिमटीत धरून कमावलेले.

एक गोष्ट लपवावी असं फार वाटतंय, पण कागदावर मलाही ते जमत नाही. फेब्रुवारीतही त्याच बाई आल्या होत्या, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे त्या १२.४ मध्ये साखर किती होती आणि स्कूटर किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शाईबद्दल जे लिहिलं ते सगळं मागे घेते. नंतरचं दादाबद्दलचं वाक्य तर मी लिहायलाच नको होतं. तिकिटं सोबत आहेत. खालचा बर्थ तुझा. कृतीचा कागद परत पाठवते आहे. तुझा केक दुसऱ्या कोणाच्या हातून झालेला सिस्टरना पहिल्या घासाला कळेल, आणि मला तोंडावर खोटं बोलता येत नाही.

चुकलेली
काडी

११ जून

काडे,

म्हणजे मी फुकट कबुली दिली.

हे मी दोन दिवस घोळवते आहे. बेकरीत काम करता करता मधेच हसू येतं, सून बघत राहते. बाईसाहेबांनी भिंग लावलं, पहारेकऱ्यांची गोष्ट सांगितली, 'नुसता वास' म्हणाल्या, आणि मी घाबरून सगळं ओकले. वास निघाला स्कूटरचा. त्या दिवशी मी 'उंदीर तो उंदीरच' म्हणून अडून बसले असते तर तू काय करणार होतीस? काही नाही. पण मग हे ७.१ सुद्धा झाले नसते, तेव्हा जाऊ दे.

परवा मी स्वतः लॅबमध्ये गेले. रिक्षाने, घड्याळ हातात धरून. रक्त नऊ वाजता दिलं आणि मशीनसमोरच्या खुर्चीत ठाण मांडलं. तिथला माणूस म्हणाला, 'आजी, रिपोर्ट चारला मिळेल.' मी म्हटलं, मिळू दे चारला, पण नळी आत्ता आत घाल, नाहीतर माझी नणंद येईल. त्याने घातली. साडेनऊ. दुसरं पान, ओळ अकरावी: १०.६. कागद सोबत आहे. कुठेही धर.

आता भरपाईचं. माफी मला नको, ती ठेव तुझ्याकडे. मला तुझं रक्त हवं.

हसू नकोस. तुझी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. मला चकत्या कळत नाहीत, पण पत्रं वाचता येतात. कडाक्याच्या थंडीत दुसरा जग पाणी. वर्षात दोनदा चष्मा. मार्चमध्ये मुलाशी फोनवर बोललीस तेव्हा म्हणालीस, बोट कापलंय, महिना झाला भरत नाही. तो मला सहज म्हणून सांगत होता. नोकरीतून निवृत्त होताना तपासलंस, त्यानंतर स्वतःच्या रक्ताचा थेंब तरी पाहिलास का? नऊ वर्षं झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि काडीच्या अंगाला साखर चिकटत नाही, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? तो धडा चालू असताना बहुतेक तू पहारा देत होतीस.

रिपोर्ट आल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. अट.

तुझी वहिनी

२२ जून

प्रिय ढमे,

तुझ्या समाधानासाठी गेले एकदाची. माझ्या जुन्या इस्पितळातच गेले. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथे प्रमुख आहे, तिनेच रक्त घेतलं. दहा वाजून पाच मिनिटांनी सुई, साडेदहाला नळी मशीनमध्ये. याला म्हणतात काम. स्कूटर नाही, शाळा नाही. पाटी अजून भिंतीवर आहे, फक्त अक्षरं जरा पुसट दिसली. तिला सांगितलं, पुन्हा रंगवून घे. ती म्हणाली, 'मॅडम, गेल्या वर्षीच रंगवली.'

रिपोर्ट जोडला आहे. काळजीचं काही नाही. पहिल्या पानाला जरा इजा झाली आहे. काय सांगू, इथेही उंदीर झालेत.

बॅग भरायला घेतली. तू लाकडी चमचा आणणार आहेस का? म्हणजे केकसाठी.

तुझी
काडी

२७ जून

वन्सं,

तुमचे उंदीर आमच्यापेक्षा हुशार निघतील असं वाटलं होतं. पण तेही सरळ रेषेत कुरतडतात, कोपऱ्यात काटकोनात वळतात, आणि दुसरं पान विसरतात.

पान दुसरं, ओळ अकरावी: १२.३.

दहा वाजून पाच मिनिटं, साडेदहा, स्कूटर नाही, शाळा नाही. हे सगळं तूच तुझ्या हाताने लिहून दिलंस, काडे. आता नळीवर ढकलायची सोय नाही. याला दहा कारणं असतात हेही मला पाठ आहे. तू शिकवलंस. पण ज्या घरात वास येतो आणि कात्रीही चालते, तिथे मी आकडा नऊच्या आसपास धरते.

खरं तर मी खूप हसणार होते. कागद हातात आला तेव्हा हसलेही. मग ती कापलेली जागा बघितली आणि हसू गेलं. तू एकटी टेबलाशी बसून, चष्मा लावून, कात्रीने ती पट्टी कापत असशील. मलाही फेब्रुवारीत तसंच बसावं लागलं होतं. तुझ्याकडे वजनाचा दगड ठेवायला सूनही नाही.

म्हणून अट घालत नाही. गाडी सुटेपर्यंत आकडा उतरणार नाही, आणि तुझ्याशिवाय मी जाणार नाही. पण डॉक्टरांकडे उद्याच्या उद्या जा, आणि गोळ्या घेऊनच स्टेशनवर ये. केक मी चिमटीने करीन. चमचा सिस्टरना देऊ. नव्वदीत त्यांना कोण काय विचारणार? नाहीतरी इतकी वर्षं त्या आमच्याच हातात देत आल्या, त्यांचा पगार राहूनच गेला.

परत आल्यावर तू महिनाभर माझ्याकडे राहायचं. संध्याकाळी पोस्टापर्यंत दोघींनी चालायचं. तू चष्म्यातून रस्ता बघ, मी गुडघ्यांना शिव्या देते. आकडा पत्रातच लिही. मी गप्प बसणार नाही, ते मी नणंदेकडून शिकले.

तुझी
ढमी

२ जुलै (पोस्टकार्ड)

प्रिय वहिनी,

८.९.

काल डॉक्टरांकडे गेले, गोळ्या चालू झाल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या लक्षात आधी कसं आलं नाही? मी म्हटलं, मला फक्त दुसऱ्यांचं वाचता येतं.

चष्मेवाल्याला म्हणे तीन महिने तोंड दाखवायचं नाही. साखर उतरली की नंबर आपला आपण मागे येईल. त्या बिचाऱ्याचं काय होणार, कोण जाणे.

एक विचारायचं होतं. खालचा बर्थ मला देशील का? पाणी प्यायला सारखं उठावं लागतं. आणि गुडघ्यांचं म्हणशील, तर तुला वर चढवायला मी खालून ढकलीन. वसतिगृहाच्या भिंतीवर चढवताना ढकलायचे तशी.

काडी